स्कीवरची बाइंडिंग हलवताना: जुनी भोकं बुजवणं आणि नवी पाडणं

म्युनिकमध्ये ऑक्टोबर लागला की ठिकठिकाणच्या क्रीडामंडळांचे जुन्या स्कींचे बाजार भरतात. पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी इकडे आलेली आणि तिशीत पहिल्यांदा बर्फावर उभी राहिलेली आमच्यासारखी बरीच माणसं तिथूनच सुरुवात करतात. माझी दुसरी जोडी मी अशाच एका बाजारातून घेतली. तळ सुरेख होता, कडा धारदार होत्या. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडल्यावर तो सोडणारी यंत्रणा; तिचा एक भाग पंजापाशी असतो, एक टाचेपाशी. टाचेच्या बाइंडिंगमागे मात्र चार काळी प्लास्टिकची बुचं दिसत होती, म्हणजे बाइंडिंग आधी एकदा हलवलेली होती. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी त्या बुचांभोवतीचा वरचा थर फोड आल्यासारखा उचलला. बुच नखाने निघालं. आत डिंकाचा थेंबही नव्हता, आणि भोकातून निघालेलं लाकूड काळं पडून चहात भिजलेल्या बिस्किटासारखं मऊ झालं होतं. ती स्की वाचवता आली नाही.

तेव्हापासून माझ्या आणि मित्रमंडळींच्या स्कींच्या बाइंडिंग मी घरीच हलवतो. या कामाला महागडं यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि त्यातला बहुतेक मोजण्यात जातो. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. जुनं भोक बुजवल्याने स्कीची ताकद परत येत नाही. बुजवायचं ते पाणी आत जाऊ नये म्हणून. नवा स्क्रू किती घट्ट धरेल हे त्याच्या भोवती कोरं, न फाटलेलं साहित्य किती उरलं आहे यावर ठरतं.

हलवायची गरज खरंच आहे का?

नवे बूट आले की लोक ड्रिल शोधायला लागतात. त्याआधी बुटाच्या टाचेपाशी कवचावर कोरलेला आकडा पाहा. ३०५ किंवा ३१५ असा तीन आकडी असतो. ही बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी. बुटाचा नंबर सारखा असला तरी ही लांबी कंपनीगणिक बदलते.

समजा, जुने बूट ३०५ चे होते आणि नवे ३१५ चे आहेत. बुटाचा मध्य स्कीवर कंपनीने छापलेल्या रेषेवर तसाच ठेवायचा म्हटलं तर पंजाची बाजू ५ मिमी पुढे आणि टाचेची ५ मिमी मागे जायला हवी. आणि इथेच घोटाळा होतो. बाइंडिंगच्या स्क्रूचा बाहेरचा व्यास साधारण ५.५ मिमी असतो. म्हणजे ५ मिमी सरकवलेलं भोक जुन्या भोकातच घुसतं आणि दोन्ही मिळून एक लांबट खाच तयार होते. त्यात स्क्रू धरत नाही.

यातून दोन चांगल्या वाटा निघतात. पहिली म्हणजे पंजाचा भाग जागेवर ठेवायचा आणि टाचेचा भाग त्याच्या पट्टीवर १० मिमी मागे सरकवायचा. बहुतेक बाइंडिंगना एवढी जागा असते. बुटाचा मध्य ५ मिमी मागे जातो, पण हौशी माणसाला तो बहुधा जाणवतही नाही. दुसरी वाट अशी की टाच आहे तिथेच ठेवायची आणि फक्त पंजाचा भाग १० मिमी पुढे घ्यायचा. मध्य रेषेच्या ५ मिमी पुढे येतो आणि नवी भोकं निम्मीच पाडावी लागतात. यातली कुठलीही वाट चालत असेल तर तीच घ्या.

पट्टीवरची जागा संपली असेल, बाइंडिंगच बदलायची असेल किंवा आधीच्या मालकाने ती भलत्याच जागी बसवली असेल, तर मात्र नवी भोकं पाडावीच लागतात. एकाच स्कीवर दोनदा बाइंडिंग बसवली गेली असेल तर मला काळजी वाटत नाही. तिसऱ्यांदा मी भोकांचा नकाशा काढून मगच ठरवतो. चौथ्या वेळेला नाही म्हणतो.

स्कीच्या पोटात काय असतं

वरून खाली गेलं तर आधी प्लास्टिकचा रंगीत थर, मग काचतंतूचा थर, काही स्कींमध्ये टायटॅनल नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, मग लाकडाचा गाभा, पुन्हा काचतंतू किंवा पत्रा, आणि सर्वांत खाली पॉलिथिलीनचा तळ. गाभ्याचं लाकूड पॉपलर, बीच, ॲश असं काहीही असू शकतं. डोंगर चढून जायच्या हलक्या स्कींमध्ये पावलोनिया असतं. ते फार मऊ असल्याने बाइंडिंगच्या पट्ट्यात वरच्या थराखाली मजबुतीची वेगळी पट्टी घातलेली असते. अशा स्कीवर त्या पट्ट्याच्या बाहेर स्क्रू मारू नका.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की ड्रिलचा बिट त्यावरून ठरतो. पत्रा असलेल्या स्कीला ४.१ मिमी, नसलेल्या स्कीला ३.५ किंवा ३.६ मिमी, आणि खोली ९ मिमी. मुलांच्या पातळ स्कींना ७ मिमी पुरते. बहुतेक स्कींवर बाइंडिंगच्या जागेजवळ किंवा कडेला हे बारीक अक्षरात छापलेलं असतं, ‘४.१ × ९’ असं. छापील आकडा सापडला तर तोच प्रमाण माना. पत्र्याला ३.५ चं भोक पाडून स्क्रू दामटला तर पत्रा वर उचलला जातो. बिनपत्र्याच्या स्कीला ४.१ चं भोक पाडलं तर आट्यांना धरायला लाकूड कमी उरतं.

काय काय जमवायचं

योग्य व्यासाचा, थांब असलेला ड्रिल बिट हवा. स्कीसाठीच्या बिटना ९ मिमीवर खांदा असतो, त्यापुढे तो जातच नाही. तो मिळाला नाही तर साध्या बिटवर स्क्रूने आवळायची धातूची कडी बसवा. नुसती चिकटपट्टी गुंडाळून मी एकदाही ड्रिल केलेलं नाही, तुम्हीही करू नका, ती सरकते. पत्र्याच्या स्कीसाठी ‘१२ एबी’ मापाचा टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. काउंटरसिंक (भोकाचं तोंड तिरकं रुंद करणारा बिट), सेंटर पंच (ठोकून टिंब पाडायचा टोकदार खिळा), स्टीलची पट्टी, कॅलिपर, लहान गुण्या, मास्किंग टेप, ट्रेसिंग पेपर. एक धारदार पटाशी. सावकाश वाळणारं, दोन भागांचं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद. डी-३ किंवा डी-४ वर्गाचा जलरोधक लाकडाचा डिंक. ६ मिमी जाडीची बीचची गोल काडी. रबरी हातमोजे, कारण इपॉक्सीची कातडीला ॲलर्जी येऊ शकते.

आणि पोझीड्राइव्ह ३ नंबरचा स्क्रू-ड्रायव्हर. यावर मी अडून बसतो. बाइंडिंगच्या स्क्रूचं डोकं साध्या फिलिप्ससारखं दिसतं, पण नीट पाहिलं तर अधिकच्या चिन्हाच्या चार हातांमध्ये चार बारीक तिरक्या रेघा दिसतात. त्यात फिलिप्स घातला की तो निसटतो, डोकं गुळगुळीत होतं, आणि मग तो एक स्क्रू काढायला अख्खी संध्याकाळ जाते.

जुनी बाइंडिंग काढणं

स्की टेबलाला क्लॅम्पने पक्की बांधा, क्लॅम्पखाली कापड घाला. ब्रेक, म्हणजे बूट सुटल्यावर स्की घसरत जाऊ नये म्हणून असलेले दोन दांडे, रबरबँडने वर बांधून ठेवा. मग ड्रायव्हरवर शरीराचा भार टाकून सावकाश फिरवा. स्क्रू हलत नसेल तर तो इपॉक्सीत बसवलेला आहे असं समजा. गरम सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, लगेच फिरवून पाहा, जमलं नाही तर पुन्हा. तापल्यावर इपॉक्सी मऊ पडतं. आजूबाजूचं प्लास्टिक वितळू नये म्हणून आयर्नचं टोक स्क्रूच्या बाहेर जाऊ देऊ नका.

निघालेले स्क्रू कुठून निघाले त्या क्रमाने पुठ्ठ्यावर टोचून ठेवा. त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, आणि लांब स्क्रू चुकून आखूड जागी गेला तर तो तळाला आतून ढकलतो. तळावर फुगीर टिंब उठतं, ते नंतर घासूनही नीट जात नाही.

आता भोकं तपासा. दातकोरणीने आतला भुसा आणि मळ काढा. टिश्यू पेपरची बारीक वात वळून आत फिरवा. ओली झाली तर स्की उबदार खोलीत दोन-तीन दिवस भोकं उघडी ठेवून वाळू द्या. हीटरला टेकवून वाळवायची घाई करू नका. लाकूड काळपट असेल पण कडक असेल तर हरकत नाही. दातकोरणी सहज रुतत असेल आणि ओला चुरा निघत असेल, तर त्या जागेच्या आसपास नवा स्क्रू नको.

नवी जागा ठरवणं

भोकं बुजवण्याआधी नवी जागा ठरवा. कुठलं जुनं भोक बाइंडिंगखाली जाणार, कुठलं उघड्यावर राहणार आणि कुठलं नव्या भोकाच्या शेजारी येणार हे कळल्यावरच ते कशाने बुजवायचं ते ठरतं.

आधी ट्रेसिंग पेपर स्कीवर चिकटवून सगळ्या जुन्या भोकांचे मध्य आणि स्कीच्या दोन्ही कडा उतरवून घ्या. हाच नकाशा. दोन्ही स्कींचे वेगवेगळे काढा, कारण आधी कुणी हाताने ड्रिल केलं असेल तर दोन्हीकडची भोकं सारखी असतीलच असं नाही.

मग मधली रेष. बाइंडिंगच्या पट्ट्यावर मास्किंग टेप लावा. पंजाच्या भागात दोन आणि टाचेच्या भागात दोन अशा चार जागी कॅलिपरने स्कीची रुंदी मोजून तिच्या निम्म्यावर टिंब द्या. मोजमाप स्टीलच्या कडेपासून घ्या, वरच्या थराच्या काठापासून नको, कारण तो काठ बऱ्याच स्कींवर तिरका किंवा गोल केलेला असतो. चारही टिंबं एका सरळ रेषेत आली पाहिजेत. एक जरी बाजूला पडलं तर पुन्हा मोजा. मधली रेष एका मिलिमीटरने तिरकी गेली तरी बूट तिरका बसतो, आणि ती चूक प्रत्येक वळणावर पायाला कळते.

त्यानंतर बुटाच्या मध्याची आडवी रेष. कंपनीने स्कीवर ती छापलेली असते. गुण्या धरून ती मधल्या रेषेला काटकोनात टेपवर उतरवा. मग दोन्ही स्कींच्या शेपटीपासून या रेषेपर्यंतचं अंतर मोजून एकमेकांशी ताडून पाहा. छपाईत फरक सापडलेला मी पाहिला आहे. तसा फरक असेल तर दोन्हींना एकच अंतर धरा. कंपनीची रेष ही शिफारस असते. थोडं पुढे बसवलं तर स्की पटकन वळते, मागे बसवलं तर खोल ताज्या बर्फात टोक तरंगायला मदत होते. पहिल्यांदाच हे काम करत असाल तर छापील रेषेवरच राहा.

आता नव्या बाइंडिंगचा कागदी साचा, म्हणजे भोकांच्या जागा दाखवणारा कागद. तो छापताना ‘पानाला बसवा’ असा पर्याय चुकूनही निवडू नका, शंभर टक्क्यांवरच छापा. साच्यावर मोजपट्टी छापलेली असेल तर ती कॅलिपरने पडताळा. १०० मिमीची पट्टी ९८ भरली तर तो कागद फाडून टाका. साच्यावर बुटाच्या तळाच्या लांबीप्रमाणे रेघा असतात. आपल्या बुटाची रेघ शोधा, मधल्या रेषेवर साचा चिकटवा, आणि बाण स्कीच्या टोकाकडे आहे ना ते पाहा. साचा उलटा लागणं ही नवख्यांची सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

साचा चिकटवल्यावर जुन्या भोकांचा नकाशा त्यावर धरा आणि प्रत्येक नव्या भोकाचं सर्वांत जवळच्या जुन्या भोकापासूनचं अंतर मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत. माझा नियम असा: १० मिमी किंवा जास्त असेल तर निश्चिंत. ८ ते १० असेल तर जुनं भोक लाकडी खुंटी आणि इपॉक्सीने नीट भरून पुढे जायचं. ८ पेक्षा कमी असेल तर अख्खी बाइंडिंग पुढे-मागे सरकवून पाहायची. १० मिमी अंतरावर दोन भोकांमध्ये साडेचार मिमीची कोरी भिंत उरते, ८ मिमीवर अडीच. हे आकडे डोळ्यासमोर असले की मनाची फसवणूक होत नाही. बाइंडिंग ५ मिमी सरकवून जर आठही स्क्रू कोऱ्या जागेत येणार असतील, तर मी रेषेचा हट्ट सोडतो.

नवं भोक नेमकं जुन्या भोकावरच आलं, म्हणजे मध्य अगदी तंतोतंत जुळला, तर उलट चांगलं. तेच भोक वापरायचं. अडचण असते ती अर्धवट जुळण्याची.

भोकं बुजवणं

बाजारात प्लास्टिकची खाचदार बुचं मिळतात. बाइंडिंगपासून दूर, उघड्यावर राहणाऱ्या भोकाला ती चालतात, पण त्यांच्याभोवती डिंक किंवा इपॉक्सी हवंच. कोरडं ठोकलेलं बुच म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण, आणि त्यावर स्टिकर लावला तर आत गेलेल्या ओलाव्याला बाहेर यायलाही वाट उरत नाही.

मी स्वतः सगळीकडे बीचची खुंटी आणि इपॉक्सी वापरतो. ६ मिमीची काडी पेन्सिलच्या शार्पनरमध्ये हलकेच फिरवून टोक निमुळतं करायचं आणि पॉलिश पेपरवर घासत ती भोकात हाताच्या जोराने बसेल एवढी बारीक करायची. भोक ९ मिमी खोल असेल तर आत जाणारा भाग ८ मिमीच्या वर नको. खाली थोडी पोकळी राहिली पाहिजे. खुंटी तळापर्यंत ठोकली तर खाली अडकलेल्या इपॉक्सीला जायला जागा मिळत नाही आणि ते स्कीच्या तळाला ढकलतं.

भोकाभोवती जुन्या स्क्रूने उचललेला कंगोरा असतो. तो काउंटरसिंकने किंवा पटाशीने आधी साफ करा, नाहीतर नवी बाइंडिंग त्यावर डुगडुगते. भोकाभोवती मास्किंग टेप लावा. आतून अल्कोहोलने पुसून पूर्ण उडून जाऊ द्या. इपॉक्सीचे दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणात घेऊन निदान दोन मिनिटं घोटा, आणि वाटीच्या कडेचंही मधे ओढून घ्या. न मिसळलेला भाग कधीच कडक होत नाही. पाच मिनिटांत वाळणारं इपॉक्सी टाळा. त्याला लाकडात मुरायला वेळ मिळत नाही.

दातकोरणीने इपॉक्सी भोकाच्या भिंतींना, जुन्या आट्यांच्या खाचांत लावा. वरून थेंब सोडला तर खाली हवा अडकते, म्हणून दातकोरणी वर-खाली करत बुडबुडे बाहेर काढा. खुंटीलाही इपॉक्सी चोपडा आणि छोट्या हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या. कडेने इपॉक्सी वर आलं म्हणजे पोकळी भरली. वरचं पुसा, टेप काढा आणि स्की आडवी, वीसेक अंश तापमानाच्या खोलीत चोवीस तास ठेवा. थंड तळघरात ठेवली तर दुप्पट वेळ द्या.

वाळल्यावर खुंटीचा वरचा भाग पटाशीने कापा. पटाशीची सपाट बाजू स्कीला टेकलेली हवी आणि एका वेळी पातळ साल निघाली पाहिजे. शेवटचं थोडं बारीक पॉलिश पेपरने. बोट फिरवल्यावर उंचवटा लागता कामा नये, विशेषतः जे भोक नव्या बाइंडिंगखाली जाणार आहे तिथे. खळगा राहिला असेल तर इपॉक्सीचा आणखी एक थेंब. उघड्यावरच्या भोकांना हवा तर रंग लावा. मी नखांच्या पॉलिशचा एक हात देतो.

आटे फाटलेलं, वेडंवाकडं भोक असेल तर खुंटीऐवजी इपॉक्सीत बारीक कापलेला स्टील वूल किंवा लाकडाचा बारीक भुसा मिसळून तो लगदा भरा. तो खूप कडक होतो. एवढं ध्यानात ठेवा की कडक इपॉक्सीच्या अगदी शेजारी ड्रिल केलं तर बिट मऊ लाकडाच्या बाजूला निसटतो. आठ मिमीच्या आतल्या भोकांना मी नाही म्हणतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

ड्रिल

साचा पुन्हा लावा, पुन्हा मोजा. सेंटर पंचने प्रत्येक मध्यावर एकच नेमका ठोका द्या. साचा काढा आणि नवी बाइंडिंग त्या खुणांवर ठेवून भोकांतून वरून पाहा. प्रत्येक खूण भोकाच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. कागदाने केलेली चूक इथे पकडली जाते. टाचेचा भाग त्याच्या पट्टीच्या मधल्या जागेवर ठेवून बूटही लावून पाहा. यानंतर मी काम थांबवतो आणि ड्रिल दुसऱ्या दिवशी करतो. ताज्या डोळ्यांना चूक दिसते.

ड्रिलच्या आधी एक तपासणी राहिली. स्क्रू बाइंडिंगच्या भोकात घालून खालून किती बाहेर येतो ते कॅलिपरने मोजा. भोक ९ मिमीचं असेल तर तो ९ च्या आतच हवा. ब्रेकची रुंदीही आत्ताच पाहा. स्कीच्या कमरेपेक्षा, म्हणजे मधल्या सर्वांत अरुंद भागापेक्षा, ती कमी नसावी आणि त्याहून १०-१५ मिमीपेक्षा जास्त मोठीही नसावी.

टाकाऊ लाकडाच्या तुकड्यावर दोन भोकं पाडून बिटचा थांब पडताळा. मग स्कीवर, बिट अगदी उभा धरून, मध्यम वेगाने. शेजारी कुणाला तरी बसवून बिट सरळ आहे का ते बाजूने पाहायला सांगा. आमच्याकडे हे काम मुलगी करते आणि ती फार कडक परीक्षक आहे. थांब टेकला की लगेच बिट बाहेर. चुरा झटका, व्हॅक्यूमने ओढून घ्या.

मग प्रत्येक भोकाच्या तोंडावर काउंटरसिंक दोन-तीन वेढे हाताने फिरवा. ही पायरी लोक गाळतात. ती गाळली तर स्क्रू आत जाताना वरच्या थराला ओढून वर आणतो, भोकाभोवती छोटा ज्वालामुखी तयार होतो आणि बाइंडिंग त्यावर टेकते. पत्र्याची स्की असेल तर आता टॅप. सरळ धरून अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे असं करत आटे पाडा, तळ लागला की थांबा. बिनपत्र्याच्या स्कीला टॅप लागत नाही, स्क्रू स्वतःच आटे पाडतो.

हात घसरून बिट तळातून बाहेर आलाच, तर घाबरू नका. तळाला बाहेरून टेप लावा, वरून इपॉक्सी भरा, वाळल्यावर तळाच्या बाजूने पॉलिथिलीनच्या काडीने भोक भरून सपाट करा. तिथे आखूड स्क्रू वापरावा लागेल.

बसवणं

प्रत्येक भोकात जलरोधक लाकडाच्या डिंकाचा एकच थेंब सोडा. भोक डिंकाने काठोकाठ भरलं तर स्क्रू पिचकारीच्या दट्ट्यासारखं काम करतो आणि तळ फुगतो. डिंक स्क्रूला वंगणासारखा आत जायला मदत करतो आणि वाळल्यावर पाणी अडवतो. इपॉक्सी मी फक्त शंकास्पद भोकांत वापरतो, कारण पुढच्या वेळी ते तापवून काढावं लागतं.

सगळे स्क्रू आधी हाताने सैल लावा. मग समोरासमोर, तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळा. एखादा स्क्रू फिरतोय पण बाइंडिंग वर उचलली जातेय असं दिसलं तर तो मागे घ्या, बाइंडिंग दाबून धरा आणि पुन्हा लावा. शेवटचा जोर मनगटाचा, खांद्याचा नाही. टॉर्क ड्रायव्हर (आवळण्याचा जोर मोजणारा) असेल तर ४ न्यूटन-मीटरच्या आसपास, आणि बाइंडिंगच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो. बॅटरीवरच्या ड्रिलने स्क्रू आवळू नका. लाकडाचे आटे एका क्षणात जातात.

गेलेच आटे, आणि स्क्रू गोल गोल फिरतोय? तो काढा, भोक साफ करा, स्टील वूल आणि इपॉक्सीचा लगदा भरा, स्क्रूला मेणाचा पातळ हात देऊन बेताने बसवा, आणि चोवीस तासांनी हलकेच आवळा. हे चार स्क्रूंपैकी एकाला ठीक आहे. दोन गेले असतील, तर धातूचे आटेदार इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेले छोटे नळकांडे, बसवणं हाच मार्ग. ते मोठ्या भोकात इपॉक्सीने बसतात आणि त्यात एम-५ चा मशीन स्क्रू लागतो. एकाच बाइंडिंगची जोडी दोन-तीन स्कींवर आलटून पालटून लावणारे लोक सुरुवातीपासूनच इन्सर्ट घालतात.

बूट लावल्यावर

डिंक रात्रभर वाळू द्या. मग बूट लावून टाचेचा भाग पुढे-मागे करत दाब जुळवा. प्रत्येक कंपनीची दाब दाखवायची खूण वेगळी असते, कुठे स्क्रूचं डोकं कडेला समतल यावं लागतं तर कुठे काटा दोन रेघांमध्ये. त्या मॉडेलचा कागद उघडून पाहा. पंजाच्या भागाची उंचीही बुटाच्या तळाप्रमाणे असावी लागते. जुन्या सपाट तळाच्या बुटांना लावलेली बाइंडिंग चालायला सोपं जावं म्हणून वक्र केलेल्या रबरी तळाच्या नव्या बुटांना चालेलच असं नाही.

ह्यालमार ह्वाम हा नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये स्थायिक झालेला स्कीपटू. १९३७ मध्ये माउंट हूडवर त्याचा पाय मोडला, आणि रुग्णालयात असताना त्याला पडल्यावर बूट सोडणाऱ्या बाइंडिंगची कल्पना सुचली. त्याआधी बूट स्कीला जखडलेला असे आणि पडल्यावर हाड मोडणं ही नेहमीची गोष्ट होती. आज आपण जो सुटण्याचा आकडा लावतो त्यामागे वजन, उंची, वय, स्की करण्याची पद्धत आणि बुटाच्या तळाची लांबी असं गणित आहे, आणि ते कसं करायचं ते आयएसओ ११०८८ या मानकात ठरवून दिलेलं आहे. बूट बदलला म्हणजे हा आकडाही बदलू शकतो. भोकं घरी पाडा, बुजवा, सगळं करा, पण सुटण्याची चाचणी दुकानातल्या यंत्रावर करून घ्या. तुम्ही लावलेला आकडा आणि बाइंडिंग प्रत्यक्षात जेवढ्या जोराला सुटते तो जोर, यांचा मेळ फक्त ते यंत्र दाखवू शकतं. घरी बसवलेली बाइंडिंग सगळी दुकानं तपासत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा.

पहिला दिवस सोप्या उतारावर घालवा. घरी आल्यावर स्की पुसून बाइंडिंगच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून पाहा. कुठेही तो आत गेला तर तिथला स्क्रू तपासा. बुजवलेल्या भोकांवर बोट फिरवा. पहिल्या एक-दोन दिवसांत एखादी खुंटी किंचित खाली बसलेली सापडते, तिथे इपॉक्सीचा थेंब पुन्हा द्या.

आणि टेपच्या छोट्या तुकड्यावर, न पुसणाऱ्या शाईने, तारीख, बुटाच्या तळाची लांबी, रेषेपासून पुढे-मागे किती मिलिमीटर, बिटचा व्यास आणि भोकात डिंक आहे की इपॉक्सी एवढं लिहा. तो तुकडा टाचेच्या भागामागे चिकटवा आणि वरून पारदर्शक टेप लावा. माझ्या त्या दुसऱ्या जोडीवर असा तुकडा असता, तर मी ती चार बुचं पहिल्याच दिवशी उघडून पाहिली असती.